मी आणि मामा सुपरवायझरच्या परीक्षेला बसलो

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाकाचं बाकीच्यांनी विचारून झालं होतं. ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरी, मोटरचं वाइंडिंग येतं का तुला?"

मी सातपूरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. वर्गात मी एकटीच मुलगी. पुढे एका पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली आणि तिथेच नोकरीला लागले. वाइंडिंग येत होतं. मी हो म्हटलं. ते माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "मंग आमच्याकडून पक्कं."

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात, म्हणून मीही मामा म्हणायला लागले. सासूबाई आत्या. मामांची भावकी मखमलाबादच्या बाजूला झेंडू आणि भाजीपाला करायची. मामांना शेतात रस नव्हता. तरुणपणी विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून ते वायरिंग शिकले आणि पंचवटीत येऊन राहिले. वायरमनचा परवाना होता. पंचवटीतल्या अरुंद बोळांतली निम्मी घरं त्यांनी वायरिंग केलेली होती असं आत्या सांगायच्या. निम्मी नसतील, पण खूप होती. त्यांच्याबरोबर बाजारात निघालं की कुणीतरी हमखास थांबवून फ्यूज कधी बघायला येता म्हणून विचारायचं.

लग्नानंतर मी कारखाना सोडला आणि मामांबरोबर कामावर जायला लागले. माझा नवरा शहरातच, द्वारका चौकात, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगचं काम बघायचा. त्याला विजेच्या कामाची लहानपणापासून धास्ती. बल्ब बदलायचा तरी तो मेनस्विच बंद करून यायचा. मी मामांबरोबर जाते याचं सगळ्यात जास्त समाधान त्यालाच होतं, कारण आता त्याला कुणी शिडी धरायला बोलवत नव्हतं.

परीक्षेचं निघालं ते एका सहीवरून. वायरमनला काम करता येतं, पण नवीन घराला मीटर हवं असेल तर वायरिंग तपासल्याचा रिपोर्ट लागतो, आणि त्यावर सही लागते ती सुपरवायझरच्या परवान्याची. मामांकडे तो परवाना नव्हता. घर पूर्ण झालं की ते एका कंत्राटदाराकडे जायचे आणि त्याची सही आणायचे. एकदा मी बरोबर होते. त्या माणसाने आम्हाला बराच वेळ बाहेर बाकावर बसवलं. मग आत बोलावून, घर कुठलं हेही न विचारता, फोनवर बोलता बोलता सही केली. त्या घरातला प्रत्येक पॉइंट मामांनी आदल्या दिवशी गळती तपासायचं मेगर यंत्र लावून तपासला होता. सही करणाऱ्याने ते घर जन्मात पाहिलं नव्हतं.

परत येताना मी म्हटलं, "मामा, ही सही आपणच का करू नये?"

"परीक्षा असती तिला. लेखी, प्रॅक्टिकल, तोंडी, सगळी," ते म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "तू बस."

"तुम्हीपण बसा."

ते हसले. "मला लिहून किती वर्षं झाली हायेत माहितीये का? सातवीनंतर पेन धरला तो सामानाची यादी करायला."

"मग मीही नाही बसत," मी म्हटलं. ते मान हलवून पुढे चालू लागले. पण दुसऱ्या दिवशी आत्या मला कानात म्हणाल्या, "काय सांगितलंस गं त्यांना? सकाळपासून जुना चष्मा शोधताहेत."

माझ्या कोर्सवर आणि कारखान्यातल्या अनुभवावर मला परीक्षेला बसता येत होतं. त्यांना त्यांच्या परवान्यावर आणि इतक्या वर्षांच्या कामावर. आम्ही दोघांनी अर्ज भरले आणि दुपारची जेवणं झाली की मागच्या पडवीत अभ्यासाला बसायला लागलो. आत्या समोर बसून हार ओवायच्या. मी मोठ्याने वाचायचे, मामा ऐकायचे, आणि मग मी म्हणायचे, आता हेच लिहा.

तिथे गाडी अडायची. मामांना उत्तर माहीत असायचं, पण कागदावर ते यायचं असं: "आम्ही आधी फेज बघतो मग पुढचं." एवढंच. मी म्हणायचे, "मामा, कशाने बघता? का बघता? तपासणाऱ्याला तुमचा हात दिसत नाही, फक्त अक्षर दिसतं." ते कपाळाला हात लावायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते मोठ्या, सुट्या सुट्या अक्षरांत लिहायचे, एकेका ओळीला घाम यायचा. पण उठून जायचे नाहीत.

माझी अडचण वेगळी होती. कारखान्यातल्या टेबलावर समोर ठेवलेलं पॅनल मला पाठ होतं. पण जुन्या घरात भिंतीतली वायर कुठून कुठे गेली असेल, पावसाने ओल आलेल्या भिंतीचं काय करायचं, यातलं मला फारसं कळत नव्हतं. ते मामा शिकवायचे. कामावर गेलं की आधी मला आख्खं घर फिरून यायला लावायचे. "पान्याला हात नंतर. आधी बघून ये आणि मला सांग काय काय दिसलं."

एक दिवस अर्थिंगचा धडा आला. जमिनीत पुरलेल्या पाइपपर्यंत गळतीची वीज नीट पोचते की नाही, ते कसं मोजायचं, हे प्रॅक्टिकलला विचारतात असं आम्ही ऐकलं होतं. मी माझ्या जुन्या कारखान्यातल्या साहेबांकडून अर्थ टेस्टर मागून आणला. सरावाला जागा हवी, तर आपल्याच घराची अर्थिंग मोजू असं ठरलं. अंगणात खुंट्या ठोकल्या, वायरी जोडल्या, मी हँडल फिरवलं. काटा जिथे जायला नको तिथे जाऊन बसला.

"परत बघ," मामा म्हणाले.

परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः फिरवलं. मग ते तिथेच उकिडवे बसले. घर बांधलं तेव्हा त्यांनीच पुरलेला पाइप होता, आणि त्यानंतर त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"पंचवटीभर फिरलो," ते म्हणाले, "आणि माझ्याच घराला अर्थिंग नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी कुदळ घेतली. मी माती ओढत होते. गंजलेला पाइप अर्धा हातात आला, अर्धा मातीतच राहिला. नवीन पाइप, कोळसा, जाडं मीठ, सगळं मापाने भरलं, वरून पाणी सोडलं. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "विहीर खणताय की काय?"

"नाही हो," आत्या म्हणाल्या, "दोघांचा अभ्यास चाललाय."

पुन्हा मोजलं तेव्हा काटा हवा तिथे आला. मामांनी चष्मा पुसून काटा जवळून पाहिला आणि मला म्हणाले, "आता लिहून घे माझ्याकडून. अर्थिंगवर पानभर लिहितो." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी खरोखर पानभर लिहिलं.

परीक्षेच्या थोडं आधी आम्हाला हरसूलला जावं लागलं. तिथे मामांच्या ओळखीच्या एका माणसाची पिठाची गिरणी होती. गिरणीला हात लावला की झटका बसायचा, बायका दळण टाकायला घाबरत होत्या. बाजाराचा दिवस होता, गिरणीसमोर डबे आणि टोपल्यांची रांग लागलेली. गिरणीवाला म्हणाला, "अर्थिंग तर लय भारी केलेली हाय. नवीनच हाय."

मामांनी मोटरचं कव्हर काढलं. वरच्या पत्र्यातून पाणी झिरपून आतल्या जोडणीत ओल धरली होती. झटका येत होता तो तिथून. ते कोरडं करून त्यांनी नवीन टेप गुंडाळायला घेतली. मी मात्र त्यांनी शिकवल्याप्रमाणे सगळीकडे फिरून बघत होते. ओल असली तरी अर्थिंग चांगली असेल तर माणसाला झटका बसायला नको, हे डोक्यात होतं. खड्डा चांगला होता, वायर चांगली होती. पण ती वायर गिरणीच्या सांगाड्याला जिथे बोल्टने आवळली होती तिथे निळा रंग होता. कुणीतरी गिरणी रंगवून घेतली होती आणि बोल्ट रंगावरच बसवला होता. वायर लोखंडाला टेकतच नव्हती.

मी मामांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "आमची पोरगी काय म्हणते ते ऐका." मी समजावून सांगितलं, रंग खरवडला, बोल्ट आवळला. गिरणी चालू झाली. रांगेतली पहिली बाई पुढे यायला तयार नव्हती, म्हणून मी स्वतः सांगाड्यावर तळहात ठेवून उभी राहिले. मग तिने डबा पुढे केला.

परतीच्या जीपमध्ये मामा माझ्याशी फार बोलले नाहीत. पण शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी ती निळ्या रंगाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली.

लेखी पेपर एका कॉलेजात होता. आमचे नंबर एकाच वर्गात आले. ते पुढच्या बाकावर, मी दोन बाक मागे. सगळी तरुण मुलं, आणि मध्ये धोतर-सदऱ्यातले मामा. मला त्यांची पाठ दिसत होती. बराच वेळ ती पाठ हललीच नाही. मग मान खाली गेली आणि ते लिहायला लागले.

प्रॅक्टिकल दोघांचंही चांगलं गेलं. तोंडीला परीक्षकांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही खरंच साइटवर जाता, की परवाना घरच्या कुणासाठी हवाय?" आवाज चांगला होता, टोमणा नव्हता. मी हरसूलची गिरणी सांगितली. परीक्षक ऐकत होते. म्हणाले, "रंग कशाने काढलात?"

"पॉलिश पेपर नव्हता. पान्याच्या कडेने खरवडला."

ते हसले आणि पुढचे प्रश्न मला सोपे गेले.

निकाल आला. मी पास झाले. मामा लेखीत राहिले, थोडक्यात.

मला ते घरात कसं सांगावं कळेना. निकालाचा कागद हातात घेऊन मी आत गेले. मामांनीच माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, घडी घालून आत्यांकडे दिला, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले. ते आले तेव्हा हातात पेढ्यांचा मोठा पुडा होता. आमच्या बोळात त्यांनी प्रत्येक दारात स्वतः जाऊन पेढा दिला. "सून सुपरवायझर झाली," एवढंच सांगायचे. कुणी विचारलं, तुमचं काय झालं, तर म्हणायचे, "माझं पुढच्या खेपेला." कोर्टात पुढची तारीख पडल्यासारखं ते सहज सांगायचे. मी दारात उभी राहून ते ऐकत होते, आणि माझ्या निकालापेक्षा मला त्या वाक्याचा जास्त अभिमान वाटला.

पुढच्या खेपेला मी बाळंत होऊन माहेरून नुकतीच परतले होते. दुपारचा अभ्यास सुरूच राहिला. मुलीला पाळण्यात घालून एका हाताने दोरी ओढत मी प्रश्न विचारायचे. आता मामा प्रश्न पुरता ऐकून घ्यायचे, मनातल्या मनात म्हणत ओठ हलवायचे आणि लिहायला लागायचे. कधी कधी एखादा मुद्दा सुटला तर हार ओवता ओवता आत्याच म्हणायच्या, "अहो, ते फ्यूजचं राहिलं." ऐकून ऐकून त्यांना निम्मं पाठ झालं होतं.

पेपरच्या दिवशी मीच त्यांना लुनावरून सोडलं आणि सुटायच्या वेळी घ्यायला गेले. मुलं एकेक करून बाहेर पडली. मामा दिसेनात. मला धाकधूक व्हायला लागली. अगदी शेवटी ते आले, बोटांना शाई, सदऱ्याच्या बाहीला शाई.

"कसा गेला?"

"पुरवणी घेतली," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या माणसाला एक ओळ लिहिताना घाम फुटायचा, त्याला उत्तरपत्रिका पुरली नव्हती. त्याने वर्गात हात वर करून आणखी पानं मागून घेतली होती. लुनावर मागे बसल्यावर ते म्हणाले, "वर्गावरच्या बाईंनी विचारलं, बाबा, नक्की हवी का? म्हटलं, द्या. अजून सांगायचं हाय."

ते पास झाले. या वेळी पेढे मी वाटले.

त्यानंतर आम्ही दोघांनी बरीच वर्षं मिळून काम केलं. दोन हजार सालानंतर शहर चहूबाजूंनी वाढायला लागलं, घरांच्या जागी इमारती आल्या. द्वारकेजवळच्या एका इमारतीचं संपूर्ण वायरिंग आम्हाला मिळालं, तळापासून गच्चीपर्यंत. तोवर एवढं मोठं काम आम्ही केलं नव्हतं. काम संपल्यावर वीज कंपनीचे एक तरुण इंजिनिअर तपासणीला आले. त्यांनी मीटरची खोली पाहिली, अर्थिंगचे खड्डे उघडून पाहिले, स्वतः माप घेतलं. सगळं बरोबर होतं. हातातला रिपोर्ट उघडत त्यांनी विचारलं, "इथले सुपरवायझर कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्याच वेळी माझ्या शेजारून मामाही म्हणाले, "मी."

इंजिनिअर आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागले. मामांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "आधी तू कर," ते म्हणाले. "तू मला सीनियर हायेस."