कोनाड्यातला कप

औरादचे गुंडेराव मास्तर जर्मनीहून मुलाकडून परतले आणि त्यांना घरात बसवेना. तिकडं नळ दुरुस्त करायला आलेला माणूस मुलाच्या शेजारी बसून, घरच्याच कपातून कॉफी पिऊन गेला होता. इथं शेतावरच्या सटवाचा कप अंगणातल्या कोनाड्यात, वेगळा. रोज दिसणारा तो कप मास्तरांना आजवर कधी खुपला नव्हता. आता मेला डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच्या कपात चहा ओतून सटवाला दिला.

"हे कामून करायलात?" बायको नलिनीबाई पुटपुटल्या. मास्तर येरझाऱ्या घालत राहिले.

सटवानं चहा संपवला, कप विसळला आणि सवयीनं कोनाड्यात पालथा घातला. आता तिथं वेगळे कप दोन झाले होते.