हाताला न आलेला फुलोरा

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या ज्या विद्यापीठात मी कंत्राटी कामाला होते, तिथल्या बेसमेंटमध्ये वाळवलेल्या वनस्पतींची कपाटं होती. एकेक नमुना काढायचा, फोटो घ्यायचा, लेबलवरचा मजकूर टाइप करायचा, एवढंच माझं काम. कोल्हापुरात गवतांवर पीएचडी केली होती, पण इथे मी टेक्निशियन. नमुन्यांबद्दल मत द्यायला मला कुणी ठेवलं नव्हतं.

तरीही एका जानेवारीत एका जाडजूड फोल्डरपाशी हात थांबला. एका कॅरिबियन बेटावरच्या चुनखडीच्या डोंगरावरून कुणीतरी फार पूर्वी आणलेला ताड. पंख्यासारखं पान, खालून चंदेरी. लेबलवर एका नेहमीच्या जातीचं नाव. पण त्या जातीत देठाच्या बुडाशी गोणपाटासारखं मऊ जाळं असतं. इथे त्या जाळ्याचे धागे दाभणासारखे ताठ आणि टोकदार होते. इतके, की माझ्या बोटातून रक्त आलं.

ताडाचा नमुना म्हणजे वैताग असतो. पान कागदात मावत नाही, म्हणून लोक अर्धं कापतात, उरलेलं दुमडतात. या गृहस्थांनी तर देठही छाटला होता. लेबलच्या शेवटी लिहिलं होतं, ‘फुलोरा उंच, हाताला आला नाही.’

“अहो, मग काठी घ्यायची ना!” मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले.

प्राध्यापकांना नमुना दाखवला. “एखादंच झाड असं असेल,” ते म्हणाले. “फुलं-फळं पाहिल्याशिवाय नवीन जाती म्हणता येणार नाही.” त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

मग मी त्या बेटावरच्या वनखात्यातल्या एका बाईंना ईमेल केली. त्याही वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, माझ्याच वयाच्या. दोन-चार पत्रांत आम्ही मैत्रिणी झालो. पहिल्या मोसमात ती फुलं आणायला डोंगराकडे निघाली तर वादळाने रस्ता वाहून गेलेला. पुढच्या वर्षी पोचली, तोवर फुलं गळून फळं धरली होती. तिने ती वाळवून पाठवली. आयातीचा अर्ज मी भरला होता. त्यात ‘वाळवलेले नमुने’ लिहायचं सोडून मी ‘फळं’ लिहिलं, आणि पार्सल इथल्या कस्टम्सच्या तपासणीत नष्ट झालं.

“मॅडम, ताजी फळं आणता येत नाहीत,” फोनवरचा माणूस म्हणाला.

“ती खायची नव्हती हो! वाळलेली, काळी, बोराएवढीसुद्धा नाहीत. बियांवर मेंदूसारख्या खाचा असतात, त्या बघायच्या होत्या मला!”

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. चूक माझी होती आणि त्या दिवशी मी ती कबूल केली नाही. घरी मुलगी म्हणाली, “आई, इट्स जस्ट अ पाम ट्री.” मी ताट आपटलं, मग सॉरी म्हणाले.

तिसऱ्या मोसमात मैत्रिणीने शिडी नेली, फुलोरा कापला आणि व्हिडिओ कॉल लावून फुलापुढे भिंग धरलं.

“पुंकेसर मोज,” मी म्हणाले.

“नऊ.”

“दुसऱ्या फुलात?”

“बारा.”

“नीट मोज ना!”

“नीटच मोजतेय! तू ये ना मग इथे!”

पीआरचे, म्हणजे कायम वास्तव्याचे, कागद अडकल्यामुळे मला देश सोडता येत नव्हता. आम्ही तिच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत मोजत राहिलो. वेगळेपणा दाखवायला ठरावीक आकडा हवा होता आणि तो दर फुलाला बदलत राहिला.

वर्णन लिहून एका संशोधनपत्रिकेला पाठवलं. प्राध्यापकांनी मनापासून मदत केली. परीक्षकांचं उत्तर आलं: फरक खरा आहे, पण थोडा आहे, आणि एकाच डोंगरावरचा आहे. उपजाती म्हणा, छापतो.

“मी नाही म्हणणार,” मी मैत्रिणीला सांगितलं. “दुसऱ्या डोंगरावर शोधू, पुन्हा पाठवू.”

“इथे खाण येतेय,” ती म्हणाली. “बिननावाच्या झाडासाठी कुणी मशीन थांबवत नाही. तुझा मान तुझ्यापाशी ठेव. मला छापलेला कागद दे.”

मी संध्याकाळभर तिच्यावर चिडून होते. सकाळी ‘जाती’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे ‘उपजाती’ केलं आणि मजकूर पाठवून दिला.

छापून आलेला तो कागद घेऊन ती कचेऱ्यांमधून फिरली. डोंगराचा वरचा उतार खाणीतून वगळला गेला. खालचा गेला, आणि आम्ही पुंकेसर मोजले ते झाडही त्यात गेलं. लेख छापून आला म्हणून प्राध्यापकांनी माझ्यासाठी केक आणला होता. मी एक तुकडा खाल्ला आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले. उन्हाळ्यात माझं कंत्राट संपलं. ती स्वतंत्र जाती आहे असं मला अजूनही वाटतं, पण ते दाखवायला माझ्याकडे काहीही नाही.