यंदा बेस नाही

आमच्या मंडळीत माणसं कमी होत चालली आणि किस्से वाढत चालले. पोरं पुण्याला जातात, दुबईला जातात, म्हातारी माणसं मातीत जातात, आणि त्यांचे किस्से मात्र आमच्या गळ्यात पडतात. उपासना संपली की चर्चच्या व्हरांड्यात चहा होतो. तिथे कोणीतरी कप हातात घेऊन म्हणतंच, "ते आठवते का गा, त्या वर्षीचं..." की झालं! मग कोणी लवकर घरी जात नाही. पाळकसाहेबांचा उपदेश तेवढा लांबला असता तर अर्ध्या लोकांनी घड्याळं बघितली असती.

यंदाचे सगळे किस्से एकाच माणसाभोवती फिरतात, आणि तो माणूस यंदा नव्हता. तरी सांगते.

*

विजय साळवे काका. कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले आणि तिथेच कॉलनीबाहेर छोटंसं घर बांधून राहिले. दर रविवारी काकूंना घेऊन बसने शहरात, चर्चला. कॉलरवर कोराडीची राख, आणि गळ्यात आमच्या क्वायरचा एकुलता एक बेस!

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्वायरमध्ये चार आवाज. गाण्याची चाल असते सोप्रानोच्या बायकांकडे, आणि लोकांच्या लक्षात राहते ती तेवढीच. मी ऑल्टो, म्हणजे मधली गर्दी. टेनर म्हणजे बारीक आवाजाचे पुरुष. आणि बेस सगळ्यांच्या खालून, वेगळ्याच सुरांवर चालत असतो. खाटेच्या पायासारखा. आहे तोवर त्याच्याकडे कोणी वाकून बघत नाही.

नाताळचं आमचं शेवटचं गीत वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आम्ही सगळे थांबतो, आणि बेस एकटाच "शांती, शांती" म्हणत चार सूर खाली उतरतो. मग सगळे मिळून शेवटची ओळ. ते चार सूर काकांचे.

काका ऑक्टोबरपासूनच घरी प्रॅक्टिस करायचे. दाढी करताना, मटार सोलताना, मोटर लावून टाकी भरताना. आणि फक्त बेस! आता नुसता बेस ऐकला तर ते गाणं वाटतच नाही, कोणीतरी पोट धरून कण्हतंय असं वाटतं. शेजारचे मेश्राम भाऊ, बुद्धविहाराच्या कमिटीवरचे, फार भला माणूस. नवीन राहायला आले तेव्हा त्यांनी बरेच दिवस ऐकून घेतलं आणि शेवटी भिंतीवरून विचारलं, "साळवे, घरी काही झालं का गा? रोज सकाळी रडून काहून राह्यले?"

"नाताळ येऊन राह्यला ना!" काका म्हणाले.

मेश्राम भाऊंना वाटलं, ख्रिस्ती लोकांत नाताळच्या आधी रडायची पद्धत असेल. त्या डिसेंबरात त्यांनी घरात टीव्हीचा आवाजही बारीक ठेवला होता.

*

आता सुमन काकू, म्हणजे काकांच्या मिसेस. काकू क्वायरमध्ये नव्हत्या. मागच्या बाकावर बसून गायच्या. मनापासून गायच्या, आणि साफ बेसूर! चाल वर चढली की काकू खाली, आणि चाल खाली आली की काकू भलतीकडेच. पुढच्या बाकावरच्या मुली तोंडावर रुमाल धरायच्या.

आमचे क्वायरमास्तर डेव्हिड सर. त्यांच्या कानाला ते सोसायचं नाही. एकदा चहाच्या वेळी अगदी गोड आवाजात म्हणाले, "काकू, तुम्ही मनातल्या मनात गा ना. देवाला तेही ऐकू येतं."

"देवाची तं काही तक्रार नाई," काकू म्हणाल्या. "मंग तुमालेच काहून त्रास होऊन राह्यला, सर?"

सगळा व्हरांडा हसला. काका मात्र चहात बिस्किट बुडवत राहिले.

*

पावसाळा संपता संपता काका गेले. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेलेसुद्धा.

कबरस्तानात क्वायरने गायलं. डेव्हिड सरांनी सवयीने बेसकडे हात केला. त्या जागी मेश्राम भाऊ उभे होते, हातात हार घेऊन. सरांनी आपल्याला काहीतरी करायला सांगितलं एवढं त्यांना कळलं. ते बिचारे घाबरले आणि त्यांनी हात जोडले.

तेव्हा कोणी हसलं नाही. हसलो ते खूप दिवसांनी, व्हरांड्यात. आणि हसून झाल्यावर कोणाला चहा जाईना.

त्यानंतर काकू चर्चला आल्या नाहीत. फोन उचलेनात. भेटायला गेलं तर दार बंद. मुलगा पुण्याला असतो. त्याने सांगून टाकलं, नाताळ झाला की आईला घेऊन जातो, घर विकून टाकू. काकू त्याला हो म्हणेनात की नाही म्हणेनात. त्या अशाच कोणाला तोंड न दाखवता निघून जाणार, ही आम्हा सगळ्यांची भीती. इतकी वर्षं एका छपराखाली प्रार्थना केली, आणि साधा सलामसुद्धा न करता माणूस निघून जाणार! मला तर तो विचारच सहन व्हायचा नाही.

*

पण नाताळ काही थांबत नाही, आणि क्वायरला बेस हवा. वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये कामाला असलेला संदीप प्रॅक्टिसला आला आणि असा खर्जात "सलाम, सर" म्हणाला, की डेव्हिड सरांनी त्याला मिठीच मारली. पहिल्याच दिवशी गडी चारही सूर खाली उतरला! सोप्रानोतल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रविवारी कळलं, त्याला सर्दी झाली होती.

मग काय, मंडळीची दया दोन्ही बाजूंनी सुरू झाली. पाळकबाई रोज थर्मासमधून काढा पाठवायच्या. आणि आम्ही ऑल्टोवाल्या त्याला कडाक्याच्या थंडीत आइस्क्रीम चारायचो.

"मरतो ना ताई मी!" तो म्हणायचा.

"नाताळ होऊ दे, मंग मर!"

शेवटी काढा जिंकला. सर्दी गेली, आणि संदीप टेनर निघाला. टेनर आमच्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त होते.

*

डेव्हिड सर म्हणाले, "ती जागा रिकामी ठेवायची. मनात चार सूर म्हणायचे आणि पुढे जायचं." बोलायला सोपं होतं.

नाताळच्या आधी क्वायर घरोघरी जाऊन गाते, ती कॅरल पार्टी. तिचं पहिलं घर धरमपेठेत. गीत रंगात आलं, कडवं संपलं, आम्ही थांबलो. यजमानांना वाटलं, संपलं! त्यांनी टाळ्या वाजवल्या, "वा वा, बसा बसा," आणि आतून फराळाच्या प्लेटा आल्यासुद्धा. शेवटची ओळ आम्ही करंजी हातात धरून गायलो. संदीप तर तोंडात धरून.

पुढच्या घरी कीबोर्डवाल्या रिबेकाला ती शांतता सोसेना. तिने ते चार सूर आपणच वाजवायचे ठरवले. बोट पडलं भलत्याच बटणावर, आणि भांगडा सुरू झाला! तो काही केल्या बंद होईना, शेवटी वायर उपटावी लागली. घरातले आजोबा म्हणाले, यंदाचा कार्यक्रम सगळ्यात चांगला झाला.

*

मार्था सिस्टरकडे मात्र कोणी हसलं नाही. मिशन हॉस्पिटलच्या जुन्या नर्स, आता एकट्याच राहतात. कानांनी जवळजवळ गेलेल्या. दरवर्षी खुर्ची दारात घेऊन बसतात, डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर एक एक अनारसा ठेवतात. एक वेळ डाळ-तांदूळ सुटतील, पण अनारसे सुटत नाहीत.

यंदा आम्ही जीव तोडून गायलो. सिस्टरनी थोड्या वेळाने डोळे उघडले आणि आमच्या तोंडांकडे बघत राहिल्या.

"नुसते तोंडं काहून हलवून राह्यले?" त्या म्हणाल्या. "गा ना!"

तेव्हा आम्हाला कळलं, इतकी वर्षं त्यांच्यापर्यंत फक्त साळवे काकांचाच आवाज पोचत होता.

खरं कोणी सांगितलं नाही. डेव्हिड सर त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "थंडी आहे, सिस्टर! सगळ्यांचे गळे बसले!" सिस्टरनी अनारशाबरोबर आम्हाला एक एक लवंगही दिली.

*

आमच्याकडे रीत आहे. ज्या घरात त्या वर्षी मयत झाली, तिथे नाताळला कढई चढत नाही. फराळ मंडळीने न्यायचा. म्हणून काकूंकडे घरटी एक डबा गेला. दार उघडलं नाही, म्हणून प्रत्येकाने तो मेश्राम भाऊंकडे ठेवला. शेवटी भाऊंचा मला फोन आला.

"ताई, घरात बसाले जागा नाई! पलंगावर चकल्या, टीव्हीवर करंज्या. आमची बाई म्हणते, आपण धर्म बदलला का काय?"

"आणि काकू?"

"त्यायले भिंतीवरून इचारलं. म्हणते, मले काही जात नाई, पण फेकू नका. ते कोळशाचे ट्रकवाले लायनीत उभे राहतात ना, त्यायले द्या."

तर यंदा कोराडीच्या रस्त्यावर, कुठल्या कुठल्या राज्यातल्या ड्रायव्हरांनी केबिनमध्ये बसून आमच्या मंडळीचा नाताळ केला. सोप्रानोवाल्यांच्या करंज्या जास्त खुसखुशीत होत्या असा रिपोर्ट आला. तो मी दाबून ठेवला.

फोन ठेवता ठेवता भाऊ म्हणाले, "अन् ताई, काकूनं एक निरोप देला. तुमचे गाणेवाले येतीन तं गाण्यासाठी या म्हणते. नुसती प्रार्थना करून जाचं असन, तं ते आपापल्या घरूनच करा म्हणते."

दुसरी रीत अशी, की मयतीच्या घरी कॅरल पार्टी गात नाही. दारात प्रार्थना करायची आणि निघायचं. पाळकसाहेबांनी निरोप ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जा. गा."

आता पंचाईत वेगळीच. त्याच बाईसमोर ते गीत गायचं, मध्ये तेवढं भोक ठेवून? डेव्हिड सर म्हणाले, दुसरं काही गाऊ. पण नाताळला काकूंच्या दारात ते गीत न गाणं, म्हणजे काकांचं नावच टाळण्यासारखं झालं असतं.

*

गेलो. उन्हं उतरत होती. अंगणातल्या पेरूच्या पानांवर राख, आणि जिथे काका दरवर्षी कागदी चांदणी टांगायचे तिथे नुसता खिळा. दार मात्र उघडं होतं. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मटार सोलत होत्या. खूप वाळल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "म्हणा."

डेव्हिड सरांनी हात वर केला. आम्ही सुरू केलं.

पहिल्याच ओळीला आतून काकूंचा आवाज आला. तोच, मागच्या बाकावरचा, साफ बेसूर. रिबेकाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

दुसरी ओळ आली. क्वायरमध्ये काका माझ्या डाव्या हाताला उभे राहायचे. माझ्या डाव्या कानाला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं. तो बेस होता! बाईच्या गळ्यातला, वरच्या पट्टीतला, पण पायरीन् पायरी तोच. सरांनी मान वळवली. हात तसाच हवेत.

कडवं संपलं. आम्ही थांबलो. मटार सोलता सोलता काकू एकट्याच "शांती, शांती" म्हणत चार सूर खाली उतरल्या.

शेवटची ओळ कोणाच्याही तोंडून फुटली नाही. मेश्राम भाऊ अंगणात येऊन उभे होते, पायात चप्पलसुद्धा नाही. "हे तं साळवेचंच आहे," ते म्हणाले. "मी रोज हेच ऐको."

"थांबले काहून?" काकूंनी विचारलं.

डेव्हिड सर दोन पावलं पुढे आले. "काकू... हे तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकाचं काय त्याच्यात? घरात रोज हेच तं चालू राहे." काकूंनी मटाराचं ताट बाजूला सारलं. "सर, आज बोलतोच मी. इतके वर्सं गप्प राह्यली. तुमची सगळ्यायचीच चाल चुकते. रविवारी येतो मी चर्चले, नीट बसवून घेऊ. मी तं घरी आल्यावर दरवेळी यायले म्हणो, सांगून देऊ का सरले? तं हे म्हणत, राहू दे सुमन. मनापासून गातात बिचारे."