आधी घर, मग भाव

आक्कांनी पिल्लाचा भाव आपल्या दारात बसून कधी सांगितला नाही. गिऱ्हाईक चौसाळ्याला यायचं, पांढरंशुभ्र पामेरियन मांडीवर घ्यायचं आणि विचारायचं, "कितीला?" आक्का म्हणायच्या, "घर कुठं हाय तुमचं? आधी घर बघू, मग भाव." आणि खरोखरच पिशवी उचलून एसटीत बसायच्या.

त्या घरी गेल्या की पाणी मागायच्या. पाणी येईपर्यंत मागचं दार, जिना, गच्ची पाहून घ्यायच्या. नेकनूरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला त्यांनी परवडेल त्या भावात पिल्लू दिलं, पण फुकट दिलं नाही. "फुकटचं कुत्रं लोक उन्हात बांधतेत," असं त्या म्हणत. एका पुढाऱ्याला मात्र मोटारसायकलीचा भाव सांगितला.

तो हसला. "आक्का, कुत्रं हाय का म्हैस?"

"म्हैस असती तर दिली असती. गोठा लई चांगला हाय तुमचा."

माझं गावातच जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. एका उन्हाळ्यात आक्कांचा पाय मोडला. एकच पिल्लू उरलं होतं, गिऱ्हाईक परळीचं. मला कामासाठी परळीला जायचंच होतं, म्हणून पिल्लू माझ्याकडे दिलं. "वर जाऊन बघ," त्यांनी दोनदा बजावलं. घरात सोफा होता, फरशी चकचकीत, माणसं नम्र. मला परतीची गाडी गाठायची होती. गच्ची राहिली. फोनवर आक्कांना म्हणाले, "सगळं पाहिलं."

त्या लोकांनी पिल्लू गच्चीवर पत्र्याखाली बांधलं. औषध विचारायला मला फोन केला, तोवर ते आडवं पडलं होतं. संध्याकाळपर्यंत संपलं.

मी आक्कांना खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गच्ची कावून न्हाई बघितली गं?"

"गाडी सुटत होती."

"बरं," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली. मी एक माझ्यासाठी मागितलं. आक्का काठी टेकत माझ्या घरी आल्या. पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा त्या जिन्यात होत्या, कठडा धरून एकेक पायरी चढत. गच्चीवर वाळत घातलेले कपडे होते, बाकी काही नाही. खाली येऊन पाणी प्याल्या. "घर चांगलं हाय तुझं," म्हणाल्या आणि निघाल्या. भाव सांगितला नाही. त्याचा अर्थ मला माहीत होता; मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर आक्का गेल्या. तिन्ही पिल्लं त्याआधीच चांगल्या घरी पोचली होती.

ऊन तापलं की मी दुकानाचं शटर ओढून घेते आणि घरी येते. गच्चीवर जाते. तिथे काहीच नसतं, हे मला खालीच माहीत असतं. तरी चारही कोपरे पाहिल्याशिवाय उतरता येत नाही.