बुढीचा खडा आणि मोटारीची तार

या पट्ट्यात माझ्याहून जास्त तांब्याची तार कोणाच्या हाताखालून गेली असेल, तर त्यानं समोर यावं. जानेफळात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळक्या मोटारी लोक घेऊन यायचे. जळकी कॉइल उपटायची, नवी तार भरायची, वार्निश पाजायचं, मोटार परत पाण्यावर. शाळा माझी तिसरीपर्यंत. चौथीचं पुस्तक घेतलं होतं, पण वर्गात बसलो नाही. डोळे अधू झाले तसं दुकान बंद केलं, पण पक्कडी आणि तारेची रिळं घरी आणून ठेवली. मुलगा म्हणत होता, भंगारात द्या. दिली नाहीत.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या याच हातांनी मला तोंडघशी पाडलं.

माझी बायको, तिला आम्ही सगळे बुढीच म्हणतो, आता फार विसरते. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग शेजारणींची नावं गेली. आता मी कधी तिचा नवरा असतो, कधी कोणीच नसतो. एक गोष्ट तेवढी तिच्याजवळ राहिली आहे. तिचा खडा. लग्न होऊन आली तेव्हा बीबीहून, माहेरच्या गावच्या ओढ्यातले पाच खडे पदराला बांधून आणले होते, मुली खेळतात तसले. एक वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर भुईवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. चार कुठं गेले देव जाणे. हा एक राहिला. जांभळाएवढा, तपकिरी, मधून पांढरी रेघ, आणि बोटात फिरून फिरून तुळतुळीत झालेला. दिवसभर ओसरीवर बसून ती तो उडवते आणि झेलते.

पण हात कापतो आता. खडा निसटतो, पायऱ्यांवरून टणटणत खाली जातो, आणि पायऱ्या संपल्या की रस्ता. आमचं घर खामगावच्या रस्त्याला लागून आहे. कापसाच्या दिवसांत तर गाड्यांना अंत नसतो. खडा रस्त्यावर गेला की बुढी त्याच्या मागं जाते. इकडं पाहत नाही, तिकडं पाहत नाही.

एकदा मी न्हाणीत होतो आणि बाहेर एस.टी.चा ब्रेक वाजला. ओल्या अंगानं पळत आलो. बुढी गाडीच्या पुढ्यात वाकलेली, खडा उचलत होती. ड्रायव्हर खाली उतरला. मला म्हणाला, “बुवा, घरचं मानूस सांभाळता येत नसन तं बांधून ठेवा.” गावात मला कोणी असं बोलून गेलेलं नाही. त्या दिवशी मी ऐकून घेतलं.

मुलगा खामगावला जिनिंगमध्ये कामाला आहे. सांजच्याला घरी आला, त्याला कळलं, आणि तो चपला न काढताच बोलायला लागला.

“बाबा, खडा मी विहिरीत टाकून देतो. रडन काही दिवस, मंग विसरन.”

“आन् नाई विसरली तं?”

“तं दाराले बाहेरून कडी.”

“कोंबडी हाय का बे थे, डालग्याखाली झाकाले?”

“मंग तुम्हीच सांगा! मी ड्यूटीवर जाऊ का तिच्या मांगं रस्त्यानं पळू?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “खड्याले तार गुंडाळतो. गळ्यातच बांधतो तिच्या. निसटनच कसा?”

हे मला सुचलं ते सुनेमुळं. सून वर्षभरापासून तसलं काम करत होती. बचत गटातल्या एकीकडून शिकली होती. रंगीत खड्यांना भोक न पाडता तांब्याच्या तारेत बसवायचं, वर कडी काढायची, की झालं गळ्यात घालायचं पदक. मी तिच्या त्या कामाला नावं ठेवायचो. एकदा सगळ्यांपुढं म्हणालो होतो, हे तर कोंबडीच्या पायाला दोरा बांधल्यासारखं दिसते.

मुलगा म्हणाला, “सोमवारपावेतो पाह्यतो. नाई जमलं तं खडा विहिरीत.” तो रागानं बोलत नव्हता. भ्यायला होता. रागावला असता तर मी त्याला उडवून लावलं असतं.

सुनेला विचारायचा प्रश्नच नव्हता. तारेचं काम मला कोणी शिकवावं! दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर रीळ घेऊन बसलो. बुढीच्या खड्याएवढी गिट्टी शोधली आणि सुरू केलं. आणि बसेचना. मोटारीत तारेला खाच असते, दोन्ही बाजूंनी भिंत असते, तार बसवली की बसली. खड्याला ना खाच ना भिंत. एका अंगानं आवळली की दुसऱ्या अंगानं घसरून हातात येते. मी जास्त ओढली. तार तुटली आणि गिट्टी उडून तुळशीत गेली.

सून आत चुलीजवळ होती. तिथून म्हणाली, “मामाजी, तसं नाई राहत थे. आंधी सांगाडा करा लागते.”

“तू भाकर पाह्य. करपून राह्यली.”

भाकर करपत नव्हती. तिलाही माहीत होतं.

त्या दुपारी ती आपलं सामान घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली. हात असे वळवून बसली की मला दिसावं. मीही पाहिलं नाही असं दाखवून पाहिलं. जाड तारेचे तीन तुकडे शेजारी शेजारी धरायचे, मधोमध बारीक तारेनं बांधायचे. मग तो पट्टा खड्याच्या कडेनं वळवायचा, कमरेला करगोटा बांधतो तसा. टोकं वर एकत्र आणून आवळायची, त्यातलंच एक वळवून कडी करायची. शेवटी कडेच्या तारा पक्कडीनं थोड्या थोड्या आत दाबायच्या, म्हणजे त्या खड्याला नखांसारखं धरतात. एवढंच. मी मनात म्हटलं, हे तर काहीच नाही.

रविवारी दुपारी बुढी झोपली तसा तिच्या मुठीतून खडा काढून घेतला आणि कामाला लागलो. सांगाडा जमला. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या हाताची सवय अशी, की दोन वेढ्यांत फट दिसली की जीव घाबरा होतो. मोटारीत ढिला वेढा म्हणजे हलणारी तार, आणि हलणारी तार जळणार. सारी उमर गिऱ्हाइकाला मी हेच सांगितलं, माझ्या कामात फट दाखव. मग मी फटी भरत गेलो. या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक तार, वेढ्याला वेढा चिकटून. शेवटी मध्ये हरभऱ्याएवढाच खडा दिसत राहिला. वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा लेप असतो, त्यामुळं अंगाला तांब्याचं हिरवं लागायचीही भीती नाही. नुसतं चकाकत होतं. मुलानं हातात घेऊन उलटंपालटं केलं. म्हणाला, “बाबा, हे तं दुकानातलं वाट्टे.” मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

सुनेनं नुसतं पाहिलं. “मामाजी, आईले खडा दिसन ना यातला?”

“दिसते ना. हा काय?”

ती पीठ मळायला आत गेली. मुलगा गावात निघून गेला. मी काळ्या दोऱ्यात ते ओवलं आणि झोपेतच बुढीच्या गळ्यात बांधलं. पक्की गाठ मारली, निसटायला नको म्हणून.

बुढी उठली. पहिल्यांदा मूठ उघडली. मूठ रिकामी. उशी उचलून पाहिली, लुगडं झटकलं. मी म्हटलं, “गळ्यात पाह्य, गळ्यात.” तिनं ते हातात धरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. अंगठा तारेवरच फिरत होता.

“हे काय व्हय?”

“तुहा खडा.”

“माहा खडा असा नाई. हे कोन्या मोटारीचं हाय.”

तिनं दोरा डोक्यावरून काढला आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. फेकलं नाही. दुसऱ्याची वस्तू परत करावी तसं ठेवलं. मी चिडलो. “तुहाच हाय म्हनतो ना! पाह्य नीट!” असं मोठ्यानं बोललो. ती लुगड्याचा काठ चाचपायला लागली. मी पक्कड आणायला आत गेलो, की कडेची तार थोडी उचकटून तिला खडा दाखवावा. पक्कड सापडायला वेळ लागला. बाहेर आलो तर ओसरी रिकामी.

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. बुढी मधोमध बसली होती आणि दोन्ही हातांनी डांबर चाचपत होती. कापसानं भरलेली ट्रॉली तिच्यापुढं थांबली होती, आणि ट्रॉलीच्या आणि तिच्या मध्ये सून उभी होती. दोन्ही हात पसरलेले, कोपरापर्यंत पीठ. ट्रॅक्टरवाला वरून ओरडत होता, ती त्याच्यावर ओरडत होती. मी पायरीवर उभा. खडा माझ्या मुठीत होता आणि बुढी तो रस्त्यावर शोधत होती.

सुनेनं तिला धरून आणलं. गुडघे सोलले होते. मी पक्कडीनं सगळे वेढे कापून काढले. इतकी घट्ट तार होती की कापताना खड्यावर एक ओरखडा आला. तो अजून आहे. खडा हातात दिला तशी बुढीनं तो उडवला, झेलला आणि शांत झाली. जसं काही झालंच नव्हतं.

कापलेल्या तारेचा ढीग माझ्यासमोर पडला होता. मी सुनेला म्हणालो, “सांग.”

“काय सांगू?”

“कसं करतात थे.”

“आता इचारता व्हय? माही भाकर करपून राह्यली ना.”

मी पक्कड तिच्यापुढं ठेवली. मग ती हसली आणि जवळ येऊन बसली.

तिनं मला तार धरू दिली नाही. म्हणाली, आधी आईंचा अंगठा पहा. आम्ही दोघं बसून बुढीचा अंगठा पाहत राहिलो. खडा झेलला की ती तो एकाच अंगानं धरते, आणि अंगठा त्या पांढऱ्या रेघेवर जातो. दर वेळी तिथंच. इतकी वर्षं मी हिच्यासोबत राहिलो, हे कधी पाहिलं नव्हतं.

“तथी तार नोको,” सून म्हणाली. “बाकी कोठी बी चालन.”

“एवढ्या उघड्यात खडा राहीन कसा?”

“राह्यते. ओढू नोका फक्त. टेकवा.”

टेकवा म्हणजे काय ते माझ्या हाताला समजेना. हात आपोआप ओढायचा. सांगाडा वाकडा व्हायचा की ती काढून घ्यायची, “परत” म्हणायची. बोलण्यात दया नव्हती, म्हणून मला ते सोसलं. गिट्ट्यांवरच हात बसवत सांज झाली. शेवटी कडेनं एक करगोटा, मागून दोन तारा, पुढून रेघ सोडून दोन नखं, एवढ्यावर खडा बसला. मला तर ते उघडंनागडं वाटत होतं. दुकानात कोणी असलं काम आणलं असतं तर मी हसलो असतो. मग सुनेनं जुनं नायलॉनचं लुगडं आणलं आणि ते खड्यावरून ओढलं. धागा अडकला. म्हणजे तारेचं टोक कुठं तरी बोचतं आहे. टोक दाबून आत वळवलं, परत ओढलं. लुगडं सरसर निघून गेलं.

गळ्यात मात्र बांधायचं नाही, हे माझं मी ठरवलं. गळ्यातला खडा उडवता कसा येईल? जाड तारेला पीळ देऊन मी बुढीच्या मनगटाएवढं कडं वळवलं. ते काम मला कोणी शिकवावं लागलं नाही. कड्याला सुती दोरी, दोरीला खडा. दोरी किती ठेवायची ते विहिरीत मोटार सोडतो तसं अंदाजानं पाहिलं. खडा वर उडावा, चुकला तर मनगटाखाली लोंबावा, रस्त्याला जाऊ नये.

सोमवारी मुलगा कामावरून आला आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. बुढीनं खडा उडवला, झेलला. परत उडवला आणि हात चुकला. खडा पायरीच्या दिशेनं गेला आणि दोरीला हिसका बसून लोंबत राहिला. ती उठायला लागली. आम्ही तिघं जागच्या जागी. मग तिला मनगटाला ओढ लागली. तिनं दोरी वर घेतली, खडा हातात धरला, अंगठा रेघेवर गेला. परत खाली बसली.

मुलानं चपला काढल्या आणि माझ्याकडं न पाहता आत गेला. खडा विहिरीत टाकायची गोष्ट परत कोणी काढली नाही.

बुढीनं माझ्याकडं पाहिलं. हसली.

“मिस्त्री, काम बरं केलं तुम्ही. बसा, च्या घेऊन जा. घरचे येतच अस्तीन.”

मी विचारलं, “घरचे कोठी गेले?”

“दुकानात. मोटारींपुढं घर कोठी सुचते त्याहिले?”

सुनेनं चहा आणला. परक्या घरी बसतो तसा मी कडेला बसून तो घेतला.

दोरी घासते. पायरीच्या कोपऱ्याला लागून लागून तिचे पीळ उकलतात, म्हणून रोज सकाळी मी ती पाहतो, झिजली असेल तर बदलतो. कधी एखादं नख ढिलं झालेलं असतं, ते टेकवतो. बुढी हात पुढं करून बसून राहते. तो हात ती मिस्त्रीला देते, हे मला कळतं. काम होईस्तोवर मी तो धरून ठेवतो. मागं रस्त्यानं गाड्या जात असतात.