पासिंगपुरतं

आमच्याकडं 'पासिंगपुरतं' असा एक शब्द आहे. ट्रक जुना झाला की दर वर्षी बारामतीला आरटीओकडं तपासायला न्यावा लागतो, ते पासिंग. आणि त्या एका दिवसासाठी गाडीला जे जे चढवलं जातं, ते पासिंगपुरतं. जळोचीच्या अलीकडं आमच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. तिथं एक पत्र्याची पेटी असायची. पेटीत आग विझवायचं लाल नळकांडं, प्रथमोपचाराचा डबा, दोन वायपर, एक मोठा आरसा. भिंतीला टेकवून डिस्कसकट चार टायर, नक्षी शाबूत असलेले. ज्याची तारीख येईल त्यानं हे सगळं न्यायचं, गाडी पास करून आणायची आणि दिवस मावळायच्या आत जागच्या जागी ठेवायचं. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून शेजारणीच्या पाटल्या घालाव्यात, तसं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. पेटीवर पांढऱ्या रंगानं 'पासिंग' असं लिहिलं होतं ते अक्षर माझंच, बारावीत असतानाचं.

वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. वरकुट्यात आमची थोडी जमीन आहे, पण घर चाललं ते तात्यांच्या दहाचाकीवर. माझं कॉलेजही तिच्यावरच झालं. घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले ती कुणाच्या वशिल्यानं नाही, हे मी आजही ठासून सांगते. पुढं लोणी देवकरला पशुखाद्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. गेटवर रिकामी गाडी आली की माल भरण्याआधी ती तपासायची, हे माझं काम. ब्रेक, टायर, दिवे, आरसे, ताडपत्री असे कागदावर बारा रकाने, आणि प्रत्येकापुढं खूण. मी वाकून, हात लावून बघायची. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे. "मॅडम, तुमी डॉक्टरकीलाच जायला पायजे हुतं. गाडीची नाडी बघताय."

एकदा रांगेत सात-आठ गाड्या होत्या आणि त्यांत सहावी तात्यांची. तिच्यासाठी मी उठले नाही. खुर्चीत बसून बाराच्या बारा खुणा केल्या. तात्यांनी खाली सही केली, "जेवलीस का?" विचारलं आणि माल भरून कोकणाकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "पोचलो." एवढंच. एरवी तात्या फोनवर चहा कुठं घेतला इथपासून सांगतात. तिसऱ्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा डाव्या बाजूचे टायर कडेनं सोललेले होते. आईला ते काही बोलले नाहीत. मला गाडीच्या पलीकडं घेऊन गेले.

"कुंभार्लीच्या घाटात ब्रेक लागंना. वास सुटला हुता, मला वाटलं म्होरल्या गाडीचा हाय."

"मग?"

"मग काय. गियर खाली टाकला आन् डोंगराकडच्या गटारात चाक घातलं. थांबली."

"दुसऱ्या बाजूला काय होतं?"

"दुसऱ्या बाजूला न्हाय बघितलं मी."

मी म्हटलं, "तात्या, त्या दिवशी मी गाडी बघितलीच नव्हती. नुसत्याच खुणा केल्या."

"म्हायतीय की. मी बी सही केलीच की."

पासिंग तीन आठवड्यांवर आलं होतं. मी तात्यांना सांगितलं, यंदा पेटीतलं काहीही लावायचं नाही. गाडी जशी आहे तशी तिच्या स्वतःच्या चाकांवर जाईल, आणि ब्रेकचं काम झाल्याशिवाय घाट उतरणार नाही. तात्या चिडले. "सीझन तोंडावर आलाय, आन् गाडी खोलून बसू? वर्साचा एक दिस तर हाय पासिंगचा!"

"घाट वर्षाचा एक दिवस नसतो, तात्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी गॅरेजला लावली.

मिस्त्री माझ्या जन्माआधीपासून आमची गाडी बघतात. ते आधी हसले. "बी.एस्सी. झाली म्हणून मिस्त्र्याला शिकवती व्हय गं?"

"शिकवत नाही, मिस्त्री. ब्रेकचे ड्रम उघडा म्हणते."

पहिला ड्रम उतरवला आणि मिस्त्रींचं हसू गेलं. ब्रेकचा लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणारा जाड पट्टा, झिजून तो ठोकून बसवणाऱ्या रिबिटांपर्यंत आला होता. रिबिटांनी ड्रमला आतून चर पाडले होते. "तात्या," ते हळूच म्हणाले, "ह्याच्यावर घाट उतारलात तुमी?"

झालं असं होतं की ब्रेक सैल वाटला की तात्या स्वतः खाली शिरायचे आणि चाकाआडचा बोल्ट पिळून ब्रेक आवळायचे. पुन्हा सैल झाला, पुन्हा आवळला. पायाखाली ब्रेक नेहमी चांगलाच लागायचा, आणि आत लायनर संपत जायचा. नवखा ड्रायव्हर गॅरेज गाठतो. तात्यांच्या हातात कसब होतं, म्हणून त्यांनी गॅरेज गाठलं नाही. ती चूक अडाण्याची नव्हती, कसबी माणसाची होती.

मग सगळी चाकं उघडली. रजा टाकून मी दोन दिवस गॅरेजलाच होते. लायनर नवे बसले, ड्रम लेथवर जाऊन आले, सोललेले टायर बदलले. हवेचा ब्रेक तपासायची रीत सोपी आहे, पण तिला धीर लागतो. टाकीत हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद करायचं, ब्रेक दाबून धरायचा आणि काट्याकडं बघत बसायचं. मी केबिनमध्ये बसून ब्रेक दाबला. काटा हळूहळू खाली सरकला.

"उतरतोय, मिस्त्री!"

"पाय काढू नगं!" खालून आवाज आला. ते साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड शोधत होते. माझी मांडी भरून आली तेव्हा कुठं मागच्या एका पाइपाशी फेस फुगला. जोड बदलला. पुन्हा हवा भरली, पुन्हा पाय दाबला. या वेळी काटा जागेवरून हलला नाही. मिस्त्री म्हणाले, "उतर आता खाली, डॉक्टरीण बाई."

टायरच्या हवेवरून मात्र तात्यांचं आणि माझं जुंपलं. ते लोखंडी टॉमी टायरवर हाणतात, आवाज ऐकतात आणि हवा सांगतात. माझ्याकडं मोजायचा गेज होता. त्यांनी हाणायचं, आकडा सांगायचा, मी गेज लावायचा. नऊ चाकांना ते जवळजवळ बरोबर निघाले. माझ्याकडं बघून मिशीत हसत होते. दहावं मागच्या जोडचाकातलं आतलं होतं. त्यांनी सांगितलं त्याच्या निम्मीसुद्धा हवा त्यात नव्हती.

तात्यांनी टॉमी खाली ठेवला. "आतल्याला हाणलं तरी आवाज भाईरच्याचाच लागतोय," ते म्हणाले. "दे ते तुजं घड्याळ हिकडं." तेव्हापासून गेज त्यांच्या सीटखाली असतो. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी ते पूर्ण फेरी मारतात, आणि आतल्या चाकासाठी गुडघ्यावर बसतात.

पासिंगच्या दिवशी बारामतीला मी बरोबर गेले. गाडीची जुनी मुदत त्याच दिवशी संपत होती आणि दुसऱ्या दिवशी लोणी देवकरहून कोकणचा माल भरायचा ठरला होता. आरटीओच्या साहेबांनी ब्रेक बघितला, टायर, दिवे, आरसे बघितले. कशालाच नाव ठेवलं नाही. शेवटी त्यांनी आग विझवायचं नळकांडं हातात घेतलं. ते मीच नवीन आणलं होतं. त्यावरच्या छोट्या काट्यावर त्यांनी बोट ठेवलं. काटा लाल भागात होता. नळकांड्यात दाबच नव्हता. रोज दुसऱ्यांच्या गाड्या तपासणारी मी, दुकानात काटा बघायला विसरले होते.

"हे बदलून दाखवा, नाहीतर पुढची तारीख," असं म्हणून साहेब शेजारच्या गाडीकडं गेले.

आमच्या मागच्या गाडीचा ड्रायव्हर हे ऐकत होता. त्यानं आपलं नळकांडं काढून पुढं केलं. "घ्या की ताई. पासिंगपुरतं. माजा नंबर याला येळ हाय."

मी काय केलं ते खरं सांगते. मी हात पुढं केला. डोक्यात हिशेब झालासुद्धा: ब्रेक खरा आहे, टायर खरे आहेत, एका नळकांड्यानं काय बिघडतंय? उद्याचा माल हातचा कशाला घालवायचा?

तात्यांनी माझा हात खाली केला. त्या ड्रायव्हरला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. उपकार झालं. पर गाडी पेटली तर तुमी मागं न्हाय ना आमच्या."

"आवो, कुठं पेटती गाडी!"

"ब्रेक बी कुठं जातोय, आसंच म्हणत हुतो मी."

साहेबांकडून नापासाचा कागद घेऊन आम्ही वरकुट्याला परत आलो. कोकणचा माल दुसऱ्याच्या गाडीला गेला. नवं नळकांडं आणलं, या वेळी काटा बघून. पुढची तारीख मिळेपर्यंत गाडी सात दिवस दारात उभी होती, आणि आठव्या दिवशी पास झाली. त्या सात दिवसांत रस्त्यानं जाणारा येणारा थांबायचा. आमच्या गावात मुलाच्या नापासापेक्षा गाडीच्या नापासाची बातमी लवकर पसरते.

एका सकाळी तात्या गाडीची काच पुसत होते. शेजारचे आबा काठी टेकवून उभे राहिले. "काय तात्या, लेक एवढी शिकलेली, आन् गाडी नापास झाली म्हनं?"

मला वाटलं तात्या विषय बदलतील. त्यांनी फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं.

"व्हय आबा, झाली," ते म्हणाले. "पयल्यांदाच आमची सोताची गाडी नेली हुती."