धोंडुबाईचा तरवा

संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या राहायच्या. त्यात धोंडुबाईची म्हैस ओळखू यायची ती बाईच्या आवाजावरनं. समोर धार काढून पेला हातात देता देता ती गिऱ्हाइकाचं सगळं कूळ उकरून काढायची. फेसाखाली दूध किती, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

या बाईला नातवंड तेवढं नव्हतं. लेकाच्या, आकारामच्या लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेली. तिचा भाऊ गणपतराव जेवायला यायचा आणि दर खेपेला कुरुंदवाडची एक पोरगी सुचवायचा. "आक्का, दुसरी करू या. बना ऱ्हाईल की एका कोपऱ्यात."

सून बना चुलीपाशी बसून ऐकायची. त्या दिवशी गणपतमामांच्या ताटात हटकून करपलेली भाकरी पडायची.

सत्त्याऐंशी साली डॉक्टर नंदिनीबाईंनी बनाला तपासून सांगितलं, बीज जायची वाट आतनं बंद आहे. पण मुंबईत काचेच्या बशीत गर्भ धरवायची सोय झालीय. बनानं कट्ट्यावर येऊन सासूला सांगितलं, तसा धोंडुबाईचा हात सडावरच थांबला.

"म्हंजी सुई टोचून म्हस भरवत्यात तसं?"

तिच्या साऱ्या म्हशी तशाच भरवलेल्या. सायकलवर थर्मास लावून माणूस यायचा, काम उरकून जायचा. रेडा कुठला, कुणाचा, कुणी पाहिलेला नसायचा. एकदा तर रेडकू आईपेक्षा भलत्याच शिंगांचं निघालं होतं.

"मुंबईचा कंचा मुऱ्हा रेडा घराण्यात घेऊन येतीस गं?" धोंडुबाई कडाडली. "शिंगं आली तर लोकास्नी काय सांगू?"

शेजारच्या गिऱ्हाइकाच्या नाकातनं दूध आलं. म्हशीचं दावं धरून उभा असलेला पैलवान आकाराम तोंड लपवून तालमीकडं पळाला.

बना रडली नाही. "आत्याबाई, माझ्यावर इस्वास नगं. चला, तुमीच इचारा," म्हणत तिनं सासूला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नंदिनीबाईंनी चित्र काढलं. "बीज आकारामचं, अंडं बनाचं. दोन्ही बशीत एकत्र ठेवायची. गर्भ धरला, की दोन-तीन दिवसांत बनाच्या पोटात सोडायचा."

"बाटलीत वाढत न्हाय?"

"नाही. पुढचं सगळं पोटातच."

धोंडुबाई माहेरची गगनबावड्याची. चित्राकडं बघत बसली आणि एकदम मांडीवर थाप मारली. "आगं बाई, ह्यो तर तरवा! आमच्याकडं भाताचं रोप असंच एका तुकड्यात वाढवत्यात, मग उपटून वावरात लावत्यात. बी आपलं, रान आपलं. तरवा तेवढा मुंबईत!"

"पण प्रत्येक रोप लागेलच असं नाही हं."

"आमची तरी कुठं समदी लागत्यात, बाई?"

"आणि आधी आकारामचं बीज बाटलीत घेऊन तपासावं लागेल."

इथं घोडं अडलं. "मी पैलवान गडी. मला काय धाड झालीया?" म्हणून आकाराम अडून बसला. धोंडुबाईनं ऐन गर्दीच्या वेळी त्याला कट्ट्यावर गाठलं. "बी बघितल्याबिगर कोन पेरतंय रं? जातोस, का डॉक्टरीणबाईला बाटली कशाला पायजे ते सांगू हितं समद्यास्नी?"

तिचं वाक्य संपायच्या आत गड्याच्या पायांत वहाणा होत्या.

त्याचं बीज चांगलं निघालं. दोघं मुंबईला जाऊन आली. पण गर्भ टिकला नाही. बना अंथरुणाला खिळली. त्याच आठवड्यात गणपतराव कुरुंदवाडच्या मुलीच्या बापाला घेऊन दारात हजर.

"या पावणं, बसा," धोंडुबाई म्हणाली. तिनं म्हशीची धार काढून पेला पुढं केला. बना आत अंथरुणावरनं ऐकत होती.

"आक्का, आता तरी..."

"गणपा, एक तरवा कुजला म्हणून रान बदलतंय व्हय कुनी? पुन्यांदा टाकायचा. बना उठून बसली, की परत मुंबई. पावणं, दूध संपवा आन् कुरुंदवाडची शेवटची यष्टी गाठा."

पाहुणे गेले. गणपतराव जेवायला थांबला. बना उठून चुलीपुढं बसली. ताट आलं तसं त्यानं सवयीनं भाकरी उलटून बघितली. करपलेली नव्हती.